शेवटच्या खुर्चीवरचा शिलेदार

कालपासून ऊन पडलंय. म्हणजे परीक्षा सुरू झाल्या.

आयर्लंडात, आमच्या लिमरिकमध्ये, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्षभर आभाळ न पिळता वाळत घातलेल्या चादरीसारखं डोक्यावर लोंबत असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, सुरू झाली की कुणीतरी ती चादर खसकन ओढून घेतं. मुलं हॉलमध्ये कोंडलेली आणि बाहेर अख्खा देश अर्ध्या चड्डीत. शेजारच्या मॉराबाई दरवर्षी कुंपणावरून मला ऐकवतात, की परीक्षेच्या दिवसांत पाऊस पाहिलेला माणूस त्यांना अजून भेटायचाय. काल पुन्हा ऐकवलं, आणि जाता जाता विचारलं, तुमच्याकडचं बसलंय का यंदा कुणी? नाही म्हटलं. आमच्याकडची परीक्षा तीन वर्षांपूर्वीच झाली. पोर पास झालं, मी नापास.

शेवटचं वाक्य मनातच ठेवलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर मॉराबाई हसल्या असत्या. माझ्या तोंडून काहीही निघालं तरी हसायचं, ही सवय मीच लोकांना लावून ठेवलीय. मंडळात, ऑफिसात, मयताला गेलो तरी लोक माझ्याकडे आशेनं बघतात. बावीस वर्षं परदेशात राहून मी कमावलेली खरी मालमत्ता ती. ती कधी कुठे वापरायची एवढं फक्त कळलं नाही.

पोटासाठी मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळतो. काम सोपं आहे. ठरवून दिल्यापेक्षा जे वेगळं निघेल ते हेरायचं, त्याला लाल चिठ्ठी लावायची, आणि दुरुस्त करून पुन्हा ठरल्यासारखं करायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन पोळीचा घेर तपासायला लागतो. सुजाता, माझी बायको, म्हणते की लग्नाच्या अल्बमवरही मी शेरे मारलेत. हे साफ खोटं आहे. एकाच फोटोवर मारलाय.

त्या जूनचं आठवायला लागलं की आधी वास येतात. नुकत्याच कापलेल्या गवताचा, पलीकडच्या घरात भाजणाऱ्या बर्गरचा, मॉराबाईंच्या गोऱ्या खांद्यांवरच्या सनक्रीमचा. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या पेन्सिलीच्या सालांचा. मागच्या काचेच्या दाराशी टेबल ओढून पोर अभ्यासाला बसायचं, एक पाय खुर्चीवर दुमडून. समोर आयरिश भाषेतल्या कवितांच्या नोट्स, आणि नोट्सच्या खाली चित्रं. मी कांदेपोह्यांची बशी ठेवायला गेलो की चित्रांवर नोट्स यायच्या. मी बशी ठेवून वळलो की नोट्सवर चित्रं.

पोराचं नाव इथे लिहीत नाही. तशी अट आहे. हा लेख लिहू का, असं मी मेसेज करून विचारलं. या वेळी विचारलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, नेहमीसारखं इंग्रजीत: नाव घालू नकोस, बाकी तू लिहिणारच आहेस.

कलाविषयाच्या मार्कांसाठी पोरानं एक कॉमिक काढलं होतं. पक्की पानं शाळेत गेली होती, कच्ची घरात पसरलेली. आर्थर राजाचा दरबार, ते प्रसिद्ध गोल मेज, भोवती बसलेले शिलेदार. मेज गोल असलं की सगळे सारखे, असं म्हणतात. पोराचं म्हणणं असं की गोल मेजालाही शेवटची खुर्ची असते. दाराजवळची, जिथे वारा लागतो ती. त्या खुर्चीवर एक शिलेदार बसतो. त्याला नाव नाही. अंगावरचं चिलखत उतरत नाही, डोक्यावरचं शिरस्त्राण निघत नाही. आत बाई आहे की पुरुष, यावर बाकीचे शिलेदार आपसांत पैजा लावतात. एक दिवस राजाच भर दरबारात विचारतो, तू नक्की आहेस कोण? शिलेदार उठतो, दार उघडून धुक्यात निघून जातो, आणि कित्येक शतकं चालून आजच्या लिमरिकमध्ये एका बसस्टॉपवर बाहेर पडतो. पाऊस पडत असतो, हे सांगायला नको.

तिथून पुढे तो सुपरहिरो. पण उडत नाही, भिंती फोडत नाही. त्याची शक्ती एवढीच, की तो ज्याच्या शेजारी उभा राहील त्याला ‘तू नक्की आहेस कोण’ असं कुणी विचारू शकत नाही. विचारणाऱ्याच्या घशातच प्रश्न विरघळतो, आणि तोंडून भलतंच काहीतरी येतं. बस किती वाजता आहे, छत्री हवी का, असलं काहीतरी.

मी म्हटलं, ही कसली शक्ती? हा तर चौकशीच्या खिडकीवरचा माणूस झाला. पोर हसलं. तेव्हा ते माझ्या विनोदांना हसायचं. मग मी तोच प्रश्न विचारला जो राजा विचारतो: ते सगळं राहू दे, पण आत आहे कोण, बाई की पुरुष? पोरानं पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की दोन्ही नाही, आणि दोन्ही थोडंथोडं, आणि गोष्ट त्याबद्दल नाहीच आहे. मी म्हटलं, कळलं, सस्पेन्स आहे, शेवटी उलगडणार. पोर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलं. मला वाटलं पोह्यांत मीठ कमी पडलंय.

तेव्हा माझ्या लेखी आमच्या घरात एक मुलगी होती. आदल्या हिवाळ्यात तिनं केस मुळापासून कापले तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, शाम्पूची बचत. पुण्याहून माझ्या बहिणीनं व्हिडिओवर ते डोकं पाहून तोंडाला हात लावला तेव्हा मीच घाईघाईनं सांगितलं, की पोहण्याच्या स्पर्धेसाठी कापलेत. पोर शेजारीच बसलेलं. त्याला पोहता येत नाही. बहीण विचारायला लागली, कुठला स्ट्रोक? मी म्हटलं, बटरफ्लाय. पोरानं कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली. माझी अब्रू राखण्याची ती त्याची पद्धत होती. त्याची राखण्याची माझी पद्धत पुढे येतेच आहे.

हेमंत पेठे आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह. माणूस नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला आणि उत्साहाच्या बाबतीत अतिशय धोकादायक. मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरलं होतं, आणि प्रकाशन परीक्षांच्या मधल्या रविवारी, उन्हाळी स्नेहमेळाव्यात. पेठ्यांकडे दोन पाककृती आल्या होत्या, गुडघेदुखीवर एका डॉक्टरांचा लेख आला होता, आणि ‘नव्या पिढीचं पान’ रिकामं होतं. हे पान प्रत्येक स्मरणिकेत असतं. नवी पिढी ते वाचत नाही, जुनी पिढी डोळे पुसत वाचते. पेठे म्हणाले, तुमच्या घरात कलाकार आहे, द्या की काहीतरी, शनिवारी संध्याकाळी आलं तरी छापखाना रात्रीत काढून देईल. मी लगेच म्हटलं, देतो, त्यात काय.

पोराला विचारलं नाही. परीक्षा आहे, डोक्याला त्रास कशाला, असं स्वतःला सांगितलं. सुजातालाही बोललो नाही, कारण तिनं पहिला प्रश्न तोच विचारला असता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्कॅनरवर सगळी कच्ची पानं स्कॅन केली. शनिवारी पोर वाचनालयात गेल्यावर लॅपटॉप घेऊन मागच्या अंगणात बसलो आणि फुग्यांमधली इंग्रजी वाक्यं पुसून मराठी लिहायला लागलो. खरं सांगायचं तर ती दुपार फार सुखात गेली. पाठीवर ऊन, बाजूला चहा, आणि आपल्या पोराच्या डोक्यात आपण वावरतोय, त्याची वाक्यं आपल्या जिभेवर येतायत, असं वाटत होतं. शिलेदाराला बसस्टॉपवर एक म्हातारी भेटते, तिला मी चक्क कोल्हापुरी बोलायला लावलं. स्वतःच्याच भाषांतराला दोनदा मोठ्यानं हसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, असं मनात आलं. दोघांपैकी एकाला त्याची खबर नव्हती, एवढीच त्यात उणीव.

मग शेवटचं पान आलं. शिलेदार शतकं ओलांडून दरबारात परत येतो. शेवटची खुर्ची वाऱ्यातून ओढून मेजाला लावतो आणि बसतो. राजा उठून उभा राहतो. आता पुन्हा तोच प्रश्न येणार म्हणून सगळे श्वास रोखून बघतायत. राजा तोंड उघडतो आणि विचारतो, जेवण झालं का?

संपली गोष्ट.

मी आत जाऊन मूळ कागद तीनदा उलटून पाहिला. पुढचं पान हरवलं असेल म्हणून टेबलाखालीही पाहिलं. युद्ध नाही, उलगडा नाही, आणि एवढा मोठा राजा शेवटी जेवणाची चौकशी करतो? माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. शिवाय डोळ्यांसमोर स्नेहमेळावा आला. पेठेवहिनी विचारणार, अहो, पण तो होता कोण? मग मी काय सांगणार? शूर मुलगी मला चालली असती, किंबहुना आवडली असती. घोड्यावरच्या शूर बायका आमच्या रक्तातच आहेत, असं मंडळात दर भाषणात म्हणतात. पण दोन्ही नाही आणि दोन्ही थोडंथोडं, हे मी माईकवर कसं सांगणार होतो? त्याला तर घोड्यावरून उतरल्यावर पंगतीत कुठे बसवायचं हेही ठरलेलं नाही.

तेव्हा मी दुरुस्ती केली. चित्र काढता येत नाही म्हणून फोनवर ते नवं ॲप उघडलं, मागितलेलं चित्र काढून देणारं. लिहिलं, की चिलखतातली योद्धी शिरस्त्राण काढते, लांब काळे केस वाऱ्यावर उडतात, दरबार चकित. आलं तसं चित्र. जरा विलायती वाटलं म्हणून पुन्हा लिहिलं, की नाकात नथ. दहा सेकंदांत नथ आली. राजाच्या फुग्यातला जेवणाचा प्रश्न पुसला आणि तिथे लिहिलं, ‘धन्य ती माता, धन्य ते पिता!’ वर मथळा दिला ‘वीरकन्या’. खाली मंडळाच्या रिवाजाप्रमाणे कु. लावून पोराचं नाव, मधे माझं, मग आडनाव. माझं नाव मधे बरोब्बर बसलं.

रविवारी मेळावा नदीकाठच्या एका सभागृहात होता. ऊन असं, की पेठ्यांनी खुर्च्या बाहेर हिरवळीवर मांडल्या. दुसऱ्या दिवशी आयरिशचा पेपर होता, पोर यायला तयार नव्हतं. मीच म्हटलं, दोनच तास, मोकळी हवा लागेल डोक्याला. ते नोट्स घेऊन आलं आणि एका झाडाखाली बसलं. ताटात पुरी आणि श्रीखंड, मांडीवर कविता.

पेठ्यांनी प्रकाशन केलं आणि उत्साहाच्या भरात ‘वीरकन्या’ माईकवरून वाचूनच काढली. कोल्हापुरी म्हातारीला हशा आला. मी हशा मोजत उभा. शेवटच्या चित्राला टाळ्या पडल्या. पेठेवहिनी म्हणाल्या, नथ किती शोभते हो, अगदी आपल्या मातीतली वाटते. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात मी झाडाकडे पाहिलं. पोराच्या हातात स्मरणिका होती. ते एकेक पान उलटत होतं, सावकाश, माझ्या ऑफिसात आम्ही परत आलेला माल तपासतो तसं. शेवटच्या पानावर थांबलं. मग स्मरणिका गवतावर पालथी ठेवली, ताट उचलून नीट कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं, आणि गाडीत जाऊन बसलं.

मी मागोमाग गेलो. मला अजून वाटत होतं, की लाजलंय. गाडी उन्हात तापलेली, काचा बंद. आमचं पोर मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीत देतं, तेही अस्सल लिमरिकच्या हेलात. त्या दिवशी ते मराठीत बोललं. एकेक शब्द जागेवर ठेवत, कुठे काही सांडू नये अशा बेतानं.

“बाबा, तू त्याचं हेल्मेट काढलंस.”

आणि मी काय म्हणालो? आजही ऊन पडलं की आधी माझंच वाक्य मला ऐकू येतं. मी म्हणालो, “अगं, उकडत असेल ना त्याला.”

ते हसलं नाही. नोट्स उघडल्या, आणि घरी पोचेपर्यंत ओठ हलवत आयरिश कविता पाठ करत राहिलं. मला त्या भाषेतला एक शब्द येत नाही. त्या दिवशी गाडीत त्याला तीच भाषा सुरक्षित वाटली असणार.

संध्याकाळी सुजाता त्याच्या खोलीतून खाली आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उरलेल्या पुऱ्या डब्यात भरत होतो. तिनं सांगितलं ते मी उभ्यानं ऐकलं. आपण मुलगी नाही, मुलगाही नाही, या दोन्हींच्या मधे जी मोकळी जागा आहे तिथे आपल्याला श्वास घेता येतो, हे पोराला कळून दोन वर्षं झाली होती. आम्हाला तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून परीक्षा संपली की आम्हा दोघांना टेबलाशी बसवून ती पानं हातात द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. सुजाता रडत नव्हती, ओरडत नव्हती. एवढंच म्हणाली, “ते तुला पत्र होतं. तू ते तपासलंस, शेवट बदललास, आणि गावभर वाटलंस.”

दुसऱ्या दिवशी पोर पेपरला गेलं. ऊन रखरखीत. मी गाडीनं सोडलं. उतरताना थँक्स म्हणालं, बस ड्रायव्हरला म्हणतात तसं. इथे बसमधून उतरताना सगळेच म्हणतात.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी पुन्हा दुरुस्ती काढली. कारखान्यातून सदोष माल बाहेर गेला की आम्ही परत मागवतो, त्याची एक रीत असते. यादी काढायची, प्रत्येकाला गाठायचं, माल ताब्यात घ्यायचा. मी पेठ्यांकडून यादी मिळवली आणि पुढचे दोन शनिवार घरोघर फिरलो. कारण काय सांगायचं? खरं सांगायचा अधिकार मला नव्हता, आणि छातीही नव्हती. म्हणून म्हटलं, छपाईत चूक झालीय. लोक म्हणाले, कुठे, छान तर आहे. चहा झाला, चिवडा झाला, नथीचं पुन्हा कौतुक झालं. एका घरी आजोबांनी प्रत देव्हाऱ्यापाशी ठेवली होती, ती मागवेना. एक कुटुंब नुकतंच डब्लिनला क्लोनडॉकिनमध्ये राहायला गेलेलं. तिथवर दोन तास गाडी मारत गेलो, आणि प्रत घेऊन विजयी वीरासारखा परतलो.

त्या घरातल्या मुलीनं पोराला मेसेज केला, की तुझे बाबा पुस्तक परत घेऊन गेले, छपाईची चूक झालीय म्हणे. मी घरात शिरलो तेव्हा पोर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं होतं.

“छपाईची चूक,” ते म्हणालं. “कोण? मी?”

मी म्हटलं, तसं नाही. जगातल्या सगळ्या भाषांतलं सर्वांत पडेल वाक्य असेल ते. ज्याला हजारदा चुरचुरीत उत्तरं सुचली त्याला त्या वेळी एवढंच सुचलं. गोळा केलेल्या प्रती स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये आहेत, कपाटाला इथे प्रेस म्हणतात. फेकवत नाहीत. हिंगाचा डबा काढायला हात वर गेला की बोटांना लागतात.

सप्टेंबरात पोर मेनूथला कॉलेजात गेलं. ऑक्टोबरात शाळेनं त्याची कलाविषयाची वही परत पाठवली. चित्रं कुठून सुचली, कशी बदलत गेली, हे विद्यार्थ्यांनी त्यात लिहायचं असतं. पाकीट माझ्या नावानं आलं नव्हतं. मी ते उघडलं. माझी ही चूक आधीच्या चुकांच्या रांगेत मुकाट उभी राहील, फार लक्ष वेधणार नाही.

पहिल्याच पानावर माझा फोटो चिकटवलेला. कारखान्याच्या क्लीन रूममधला: डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, टोपी, मास्क, चष्मा, आणि दोन्ही बाजूंना तशीच पांढरी माणसं. यातले बाबा कुठले ते आईलाही ओळखता येत नाही, असं त्याखाली लिहिलेलं. इथे कोण बाई कोण पुरुष हे कळत नाही, आणि कुणाचं काही अडतही नाही, काम चालू राहतं. शिलेदाराचं चिलखत या फोटोवरून घेतलं आहे. पुढच्या पानांवर चिलखताची रेखाटनं. खांद्याचे सांधे, मनगटाची पट्टी, अगदी आमच्या पोशाखाची शिवणसुद्धा हुबेहूब. शेवटी राजाबद्दल पोराच्या अक्षरात तीन ओळी. राजा माझ्या वडिलांवरून घेतला आहे. त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही की ते जेवण झालं का विचारतात. मला वाटतं तेही तसंच विचारतील.

वही मी जिथल्या तिथे ठेवली. वाचली, हे आजवर सांगितलेलं नाही. आता हा लेख छापून आला की कळेल. बघा, पत्र उघडायचं आणि गावभर वाटायचं, ही खोड अजून गेलेली नाही.

तीन वर्षांत भांडण असं झालेलं नाही. झालं असतं तर बरं, भांडणात निदान दोन माणसं लागतात. फोन केला की पोर उचलतं. कसं चाललंय म्हटलं की ग्रँड. अभ्यास ग्रँड, तब्येत ग्रँड, हवा ग्रँड. हा इथला शब्द म्हणजे नम्रपणे लावून घेतलेलं दार. मी जेवण झालं का असं विचारायचं सोडून दिलंय. तोंडाशी येतं, पण आता तो प्रश्न माझा राहिला नाही. जो माझ्याकडून अपेक्षित होता, जो मी स्वतःच्या हातानं पुसला, तो आता कुठल्या तोंडानं विचारू? मी हवा विचारतो. सुजाताशी ते अर्धा अर्धा तास बोलतं. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राची पानं जरा मोठ्यानं उलटतो. मी घरात आहे हे कळावं म्हणून, की मी ऐकत नाहीये हे कळावं म्हणून, ते मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या शनिवारी मेनूथला गेलो होतो. कॉलेजचं वर्ष संपलं, खोली रिकामी करायची होती. सुजाताला ती नोकरी करते त्या लॅबमध्ये काम निघालं. ते खरोखर निघालं की तिनं काढलं, हे मी विचारलं नाही. बारीक पाऊस होता. पोरानं मेसेज केला होता, की आधी एका हॉलमध्ये ये, तिथे मुलांनी स्वतः छापलेल्या कॉमिकचं प्रदर्शन आहे, ते आवरलं की निघू. गेलो. दहा-बारा टेबलं, त्यातलं एक आमचं. टेबलावर पातळ पुस्तकांचा ढीग, मुखपृष्ठावर तोच शिलेदार. शिरस्त्राण जिथल्या तिथे.

पुढे दोन माणसं होती म्हणून मी रांगेत उभा राहिलो. एक प्राध्यापिका वाटाव्यात अशा बाई पुस्तक चाळत होत्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, की यात एकही शब्द नाही, फुगे नाहीत, पाट्यासुद्धा कोऱ्या. ही शांतता फार बोलकी आहे, हे कसं सुचलं? पोर हसून म्हणालं, शब्द नसले की कुणाला दुरुस्त करायला काही उरत नाही. बाईही हसल्या. पोरानं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी आलोय हे त्याला ठाऊक होतं का, ते मला अजून ठाऊक नाही. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही वडील का? अभिमान वाटत असेल. मी मान हलवली. जिभेच्या टोकावर एक विनोद येऊन बसला होता. चांगला होता. गिळला.

सामान भरलं: गादी, दिवा, शाईच्या बाटल्यांचं खोकं. वाटेत मोटरवेवर कॉफीसाठी थांबलो. पोर कॉफी आणायला आत गेलं. मागच्या सीटवर त्याची बॅग अर्धवट उघडी, त्यातून एक पुस्तक वर आलेलं. मी काढलं. या वेळी विचारणार होतो, पण विचारायला समोर कुणी नव्हतं.

शिलेदार पानापानातून चालतो. कधी शेतातून, कधी पुलावरून. लोक भेटतात, जातात. मधल्या पानावर एक घर आहे, उजेड असलेली खिडकी, आत एक माणूस पाठमोरा, टेबलाशी काहीतरी लिहीत बसलेला. शिलेदार खिडकीबाहेर उभा. पुढच्या चौकटीत माणूस तसाच. त्याच्या पुढच्याही. चौथ्या चौकटीत शिलेदार नाही, फक्त ओल्या अंगणात त्याच्या पावलांचे ठसे, आणि माणूस लिहितोच आहे. मी ते चित्र डोळ्यांशी धरलं. बघता बघता माझी जीभ हलायला लागली. अरे, थांबलाय कशाला, दार उघडंच आहे, मी म्हणालो. नाही, हे जरा पुस्तकी झालं. काच वाजव ना, एवढंच पुरे. की माणसानंच वळून काही म्हणावं? कोण आहे तिकडे? छे, हे नको, हे तर मुळीच नको. मग काय म्हणेल तो? मी पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य घालून बघितलं, काढलं, दुसरं घातलं.

गाडीचं दार उघडलं. पोराच्या दोन्ही हातांत कॉफी होती. ते वाकून माझ्याकडे, माझ्या हलत्या ओठांकडे बघत होतं. किती वेळ, कोण जाणे. कप त्यानं गाडीच्या टपावर ठेवले. मग पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, लहान मुलाच्या हातून फाटेल अशी वस्तू काढून घेतात तसं, न रागावता. ते बॅगेत घातलं, बॅग आपल्या पायाशी ओढून घेतली, आणि माझा कप माझ्या हातात दिला.